आमवात आणि कॉर्टिझोन

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत रोचेस्टर नांवाचें शहर आहे. मेयो बंधूंनीं तेथें उभारलेल्या वैद्यकसंस्थेमुळें त्याचें नांव जगभर झालें. सन १९२९ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस या संस्थेंत एक पासष्ट वर्षांचे गृहस्थ डॉक्टर फिलिप हेन्च यांच्यापुढें येऊन बसले. गृहस्थ स्वतःच डॉक्टर होते, आणि कित्येक वर्षें आमवातानें पीडलेले होते. त्यांनीं सांगितलेली हकीकत मोठी चमत्कारिक होती. कांहीं काळापूर्वीं त्यांना कावीळ झाली. आणि काविळीचा पिवळा रंग दिसूं लागला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून त्यांचे सांधे मोकळे होऊं लागले. ज्यांना थोडें अंतर चालणेंही कठीण झालें होतें, ते कांहीं आठवड्यांत मैलभर विनासायास चालूं लागले. कावीळ महिन्याभरांत ओसरली, पण सांध्यांना पडलेला आराम त्यानंतरही कांहीं महिने टिकला.

एका दुखण्यानें दुसरें दुखणें पळालें, अशा गोष्टी घरांतील वडीलधारी माणसें नेहमींच सांगत असतात, आणि डॉक्टरमंडळी त्या हंसून सोडून देतात. हेन्च यांनीं ही गोष्ट सोडून दिली नाहीं. त्यानंतर एकोणीस वर्षें ते तिच्या मागें लागले. त्या एकोणीस वर्षांची हकीकत वैद्यकाच्या इतिहासांत अत्यंत मनोवेधक आहे; आणि तिचा शेवट जसा सांगितला जातो तितका गोड नाहीं, म्हणून ती विशेष जाणून घेण्यासारखी आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. आपल्याकडे सांधे दुखूं लागले कीं त्या सर्व प्रकारांस संधिवात म्हणून मोकळें होण्याची रीत आहे. परंतु उतारवयांत झिजलेला गुडघा निराळा, पायाचा आंगठा एका रात्रींत लालबुंद करणारें वातरक्त निराळें, आणि आमवात निराळा. माधवनिदानांत आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलेलें असून त्याच्या वेदनांना विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. पाश्चात्य वैद्यक ज्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतें त्या रोगाला मराठींत आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. दोन्हीं ग्रंथांतील वर्णनें तंतोतंत एकच आहेत असें मात्र नव्हे. हा रोग पुष्कळदां भर उमेदींत येतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांना तो दुपटीतिपटीनें अधिक होतो. दोन्हीं हातांचे लहान सांधे जोडीजोडीनें सुजतात. सकाळीं उठल्यावर तासतासभर मूठ वळत नाहीं, वेणी घालतां येत नाहीं, पेला उचलतां येत नाहीं. सांध्याच्या आंतील नाजूक अस्तर फुगून कूर्चेवर व हाडावर पसरतें आणि तीं कुरतडूं लागतें. उपचार झाला नाहीं तर बोटें वांकडीं होऊन तशींच राहतात.

पॅरिस येथील लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्यानें सन १८०० मध्यें आपल्या प्रबंधांत अशा नऊ स्त्रियांचें वर्णन केलें. पण त्याला हा वातरक्ताचाच एक दुबळा प्रकार वाटला. रक्तांतील यूरिक अॅसिडच्या परीक्षेवरून हे दोन रोग वेगळे आहेत असें दाखविण्याचें आणि आजचें इंग्रजी नांव रूढ करण्याचें श्रेय लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांचें. त्यांचा ग्रंथ १८५९ सालचा. कारण मात्र कोणासच ठाऊक नव्हतें, आणि कारण ठाऊक नसलें म्हणजे उपचारांस ऊत येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं असें मत बळावलें कीं, शरीरांत कोठेंतरी दडलेल्या जंतूंच्या विषानें सांधे बिघडतात. मग काय विचारतां! हजारों रोग्यांचे चांगले दांत उपटले गेले, टॉन्सिल कापले गेले. आणि बोळक्या तोंडाचा माणूस त्याच सुजल्या गुडघ्यांनीं घरीं परतला. फ्रान्समध्यें झाक फोरेस्तिए यांनीं सोन्याचे क्षार टोंचण्यास सुरुवात केली आणि १९२९ सालींच त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. सोन्याच्या एका क्षारानें क्षयाचे जंतु वाढेनासे होतात असें कॉख यांनीं पूर्वीं दाखविलें होतें, आणि आमवात हा क्षयाचाच भाऊबंद असावा असा तर्क होता. तर्क साफ चुकीचा ठरला. पण सोन्यानें कांहीं रोग्यांना खरोखरच गुण येतो हें मात्र १९६० सालीं ब्रिटनमध्यें झालेल्या काटेकोर परीक्षेंत सिद्ध झालें. या रोगाच्या इतिहासांत असा प्रकार पुढेंही एकदां घडावयाचा होता.

डॉक्टर हेन्च हे वृत्तीनें शोधक होते. शेरलॉक होम्सच्या कथांचा त्यांना भारी नाद, आणि पीतज्वराच्या शोधाचा इतिहास जुळविण्यांत त्यांनीं पुढें आयुष्यांतील कित्येक वर्षें खर्चिलीं. काविळीनें बरे वाटलेले असे आणखी रोगी त्यांनीं टिपून ठेवले. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आमवात झालेल्या स्त्रीला दिवस गेले म्हणजे पुष्कळदां तिचें दुखणें आपोआप ओसरतें, आणि बाळंतपणानंतर कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं तें परत येतें. कावीळ स्त्रीपुरुष दोघांना होते. गर्भ स्त्रीलाच राहतो. तेव्हां दोन्हीं अवस्थांत समान असें कांहीं द्रव्य शरीरांत वाढत असलें पाहिजे. तें केवळ पित्त नव्हे आणि केवळ स्त्रीचा अंतःस्रावही नव्हे. या अनामिक वस्तूला त्यांनीं ‘क्ष’ द्रव्य म्हटलें.

परंतु या सर्व विचारांच्या मुळाशीं एक गोष्ट होती, आणि हेन्च यांचें खरें मोठेपण तीत आहे. त्या काळीं आमवात हा एकमार्गी समजला जाई. गेलेलें परत मिळावयाचें नाहीं अशी वैद्यांची आणि रोग्यांची सारखीच समजूत होती. हेन्च यांनीं काविळीच्या रोग्यांवरून उलट अनुमान काढलें: ज्या अर्थीं सूज दिवसांत उतरूं शकते, त्या अर्थीं हा रोग मागें फिरविण्याची शक्ति शरीरांतच कोठेंतरी आहे. मग त्यांनीं रोग्यांना पित्त पाजून पाहिलें, पित्ताचे क्षार दिले, यकृताचा अर्क दिला, काविळीच्या माणसाचें रक्तही दिलें. कशाचाच उपयोग झाला नाहीं.

त्याच संस्थेंत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. १९१४ सालच्या नाताळांत थायरॉइड ग्रंथींतील थायरॉक्सिन स्फटिकरूपानें वेगळें करून त्यांनीं कीर्ति मिळविली होती. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन लहान ग्रंथि असतात, त्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्य थराकडे आतां त्यांचें लक्ष लागलें होतें. कत्तलखान्यांतून आणलेल्या गुरांच्या ग्रंथींतून त्यांनीं एकामागून एक द्रव्यें वेगळीं केलीं, आणि त्यांना ए, बी, सी अशीं अक्षरांचीं साधीं नांवें दिलीं. स्वित्झर्लंडमध्यें ताडेऊश राइशस्टाइन हेही स्वतंत्रपणें याच मार्गानें चालले होते. सन १९४१ च्या जानेवारींत हेन्च व केंडॉल यांचें बोलणें झालें, आणि केंडॉल यांचें ‘ई’ द्रव्य मिळालें कीं तें आमवाताच्या रोग्यावर वापरून पाहावें असें ठरलें. हेन्च यांनीं तें आपल्या टिपणवहींत नोंदून ठेवलें. वहींतील ती ओळ पुढें सात वर्षें तशीच राहिली. कारण ढीगभर ग्रंथींतून हातीं येई तें द्रव्य चिमूटभर, आणि एका रोग्याला पुरेल इतकें तें जगांत कोठेंच नव्हतें.

येथें युद्ध मदतीला आलें, तेंही एका खोट्या वदंतेच्या रूपानें. जर्मन वैमानिकांना अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोंचतात आणि त्या बळावर ते चाळीस हजार फूट उंचीवर विमानें चालवितात, अशी बातमी अमेरिकेंत पोहोंचली. बातमींत तथ्य नव्हतें. पण तिच्यामुळें सरकारनें या द्रव्यांच्या संशोधनास अग्रक्रम दिला, आणि मर्क या औषधी कारखान्यांतील लुइस सॅरेट या तरुण रसायनज्ञानें डिसेंबर १९४४ मध्यें सुमारें छत्तीस पायऱ्यांची रासायनिक चढण चढून ‘ई’ द्रव्य प्रथम कृत्रिम रीतीनें तयार केलें. या चढणीची पहिली पायरी कोणती होती? बैलाच्या पित्तांतून काढलेलें एक आम्ल! हेन्च ज्या पित्तांत औषध शोधून थकले होते, त्याच पित्तापासून तें शेवटीं घडलें. मात्र त्यांनीं कल्पिलेल्या रीतीनें नव्हे.

सन १९४८ च्या जुलै महिन्यांत इंडियाना राज्यांतून एकोणतीस वर्षांची एक स्त्री रोचेस्टरला आली. चार वर्षांवर आमवातानें तिला ग्रासलें होतें. अंथरुणांत कूस बदलणेंही तिला जड जात होतें. हेन्च यांनीं एका औषधानें तिला मुद्दाम कावीळ आणण्याचा प्रयत्न केला. ती कांहीं उठेना. आतां घरीं जावें असें तिला सुचविण्यांत आलें, तेव्हां बरें वाटल्यावांचून येथून हलणार नाहीं असें तिनें सांगितलें. त्या बाईचा हा हट्ट वैद्यकावर मोठा उपकार करून गेला. सप्टेंबरच्या चौथ्या तारखेस हेन्च यांनीं मर्क कारखान्यास पत्र लिहून ‘ई’ द्रव्याची मागणी केली, आणि २१ सप्टेंबर १९४८ रोजीं तिला पहिली सुई टोंचण्यांत आली. दिवसाची मात्रा १०० मिलिग्रॅम ठरविली होती. ही मात्रा मोठी होती, आणि तेंच दैव अनुकूल झालें. याहून बरीच कमी दिली असती तर कदाचित् कांहींच दिसलें नसतें आणि प्रकरण तेथेंच मिटलें असतें.

पहिले दोन दिवस विशेष फरक पडला नाहीं. नंतर एके सकाळीं ती जागी झाली ती सहज कूस वळवून. सांध्यांचा ताठरपणा जवळजवळ गेला होता. पहिल्या सुईनंतर आठवड्यानें, २८ तारखेला, ती रुग्णालयांतून बाहेर पडली आणि तीन तास बाजारांत खरेदी करीत हिंडली. हेन्च आणि त्यांचे सहकारी स्लोकम्ब व पॉली यांनीं ही गोष्ट षट्कर्णी होऊं दिली नाहीं. आणखी रोग्यांवर प्रयोग झाले. कांहींना नकळत औषधाऐवजीं दुसरेंच द्रव टोंचून पाहण्यांत आलें, तेव्हां दुखणें परत आलें. याप्रमाणें चौदा रोग्यांचा अनुभव गांठीं बांधून २० एप्रिल १९४९ रोजीं मेयो संस्थेच्या सभेंत त्यांनीं निबंध वाचला आणि चित्रपट दाखविला. पडद्यावर जी बाई प्रथम खुर्चींतून उठण्यासाठीं धडपडत होती, तीच कांहीं क्षणांनीं जिना चढतांना दिसली. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं ही वार्ता जगभर नेली. ‘ई’ द्रव्य आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांचा घोटाळा होऊं नये म्हणून औषधाला कॉर्टिझोन हें नवें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं, १९५० सालीं, केंडॉल, राइशस्टाइन आणि हेन्च या तिघांना नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. हेन्च यांनीं आपल्या वांट्यांतील कांहीं रक्कम, ज्या ख्रिस्ती भगिनीनें रोग्यांची देखभाल केली होती, तिला रोमची यात्रा घडावी म्हणून दिली.

औषधाला आरंभीं ग्रॅममागें दोनशें डॉलर पडत. म्हणजे त्या पहिल्या रोगिणीला एका दिवसाला जी मात्रा दिली, तिची किंमत वीस डॉलर झाली असती. इतकें असूनही पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला. ही अडचण मेक्सिकोंतील एका रानकंदानें दूर केली. त्या कंदापासून अंतःस्राव बनविण्याची युक्ति रसेल मार्कर यांनीं शोधून काढलीच होती. १९५२ सालीं अपजॉन कारखान्यांतील पीटरसन व मरे यांनीं पावावर येणाऱ्या बुरशीच्या जातीकडून, रसायनज्ञांना दमविणारी अवघड पायरी एका टप्प्यांत करवून घेतली. किंमत थोड्या वर्षांत कांहीं डॉलरांवर आली.

पण तोंवर दुसरीच किंमत लोकांच्या ध्यानांत येऊं लागली होती. औषध थांबविलें कीं रोग परत येई, आणि कित्येकदां पूर्वींपेक्षां जोरानें येई. औषध चालू ठेवावें तर तोंड फुगून गोल होई. कवींनीं ज्या चंद्रमुखाची इतकी वाखाणणी केली, तें येथें अपायाचें लक्षण ठरलें. हाडें ठिसूळ होत, पोटांत व्रण पडत, रक्तांत साखर वाढे, साध्या जंतूंनाही शरीर तोंड देईनासें होई. कोणाची झोंप उडे तर कोणाला वेड लागे. १९५४ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें व नफील्ड प्रतिष्ठाननें एक रोकडी तुलना प्रसिद्ध केली. नव्यानें आमवात झालेल्या साठेक रोग्यांपैकीं निम्म्यांना कॉर्टिझोन व निम्म्यांना जुनी ॲस्पिरिन देण्यांत आली होती. वर्षानंतर दोन गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. ज्या औषधावर जगानें फुलें उधळलीं त्याचा हा निकाल पाहून पुष्कळांचा विरस झाला. पुढें प्रेडनिसोलोन या सुधारलेल्या औषधाच्या परीक्षेंत हाडांची झीज कमी होते असें दिसून आलें, तेव्हां पहिला निकालही सर्वस्वीं अखेरचा नव्हता हें कळलें.

हेन्च यांना दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. हें औषध म्हणजे रोगाचा उच्छेद नव्हे, असें त्यांनीं आरंभापासून बजावलें होतें. जाहिरातीचा कलकलाट इतरांचा होता. त्यांची चूक असलीच तर ती उपपत्तीची. आमवाताच्या रोग्याला कांहीं द्रव्य कमी पडतें आणि तें बाहेरून पुरविलें कीं तो बरा होतो, ही कल्पना टिकली नाहीं. मधुमेहांत इन्सुलिनची जी उणीव असते तशी ही उणीव नव्हती. कॉर्टिझोन येथें भूक भागवीत नव्हतें; तें एका दंग्याला दाबून टाकीत होतें. दंगा कशाचा होता, हें समजण्याची सुरुवातही त्याच वर्षीं आणि त्याच संस्थेंत झाली होती, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

१९४८ सालींच मेयो संस्थेंतील मॅल्कम हारग्रेव्ह्ज व त्यांचे सहकारी ‘ल्यूपस’ झालेल्या रोग्यांच्या अस्थिमज्जेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. ल्यूपस हा आमवाताच्याच गोतांतला, पण त्याहून घातक रोग. तो सांध्यांबरोबर त्वचा, मूत्रपिंडें, हृदय यांवरही घाला घालतो. हारग्रेव्ह्ज यांना असें दिसलें कीं, एका पांढऱ्या पेशीनें दुसऱ्या पेशीचें केंद्रच गिळून आपल्या पोटांत ठेवलें आहे. पुढें उलगडा झाला तो असा कीं, या रोग्यांच्या रक्तांत स्वतःच्याच पेशींच्या केंद्राविरुद्ध प्रतिद्रव्यें असतात. त्यापूर्वीं ऑस्लो येथील एरिक वालर यांना आमवाताच्या रोग्यांच्या रक्तांत एक असें द्रव्य आढळलें होतें, जें इतर प्रतिद्रव्यांनाच जाऊन चिकटतें. त्यांचा निबंध १९४० सालचा. युद्धाच्या धुमाळींत त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंत त्याचा पुन्हां शोध लागला, आणि आज तीच परीक्षा आमवाताची पहिली चांचणी म्हणून गांवोगांवच्या प्रयोगशाळांत होते.

या गोष्टी पटण्यास वेळ लागला, त्याला एक मोठें नांव आड आलें होतें. पॉल एर्लिश यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असें मांडलें कीं, शरीर स्वतःवर शस्त्र चालवीत नाहीं. निसर्गाला त्याची जणूं दहशतच आहे. वास्तविक तशी प्रतिद्रव्यें उत्पन्नच होत नाहींत असें त्यांचें म्हणणें नव्हतें. पण शिष्यांनीं गुरूंचें वचन गुरूंपेक्षांही कडक केलें. १९५६ सालीं बफेलो येथें नोएल रोझ व अर्नेस्ट विटेब्स्की यांनीं सशांना सशांच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांच्या शरीराला त्यांच्याच ग्रंथीवर उठविलें, तेव्हां हा वाद संपत आला. घराच्या रखवालीस ठेवलेले पहारेकरीच घरच्या माणसांना ओळखेनासे होतात, आणि त्यांतून आमवात, ल्यूपस यांसारखे रोग उद्भवतात. पहारेकरी कां बहकतात हें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. आनुवंशिक प्रवृत्ति आणि धूम्रपान यांचा त्यांत भाग आहे, एवढें निश्चित झालें आहे.

यापुढील उपचारांच्या इतिहासांत दोन भारतीय नांवें येतात. भीमवरम येथें जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत फॉलिक अॅसिडला अडविणारीं औषधें तयार झालीं. तीं प्रथम रक्ताच्या कर्करोगावर वापरलीं गेलीं. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्यें, म्हणजे रोचेस्टरला ती पहिली सुई टोंचली गेली त्याच्या थोडेच दिवस आधीं, वारले. या औषधांपैकीं एक आमवातावर गुणकारी पडतें असें १९५१ सालीं गुबनर यांनीं दाखविलें. परंतु कॉर्टिझोनच्या झगमगाटांत तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, आणि त्याच कुळांतील मेथोट्रेक्सेटला मान्यता मिळण्यास १९८० नंतरचा काळ उजाडावा लागला. आज तेंच आमवाताच्या उपचाराचा मुख्य आधार आहे. त्याची गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यानें माणसें दगावलीं आहेत, म्हणून घरांतील कोणास हें औषध चालू असल्यास वार ठरवून तो पाकिटावर लिहून ठेवावा हें उत्तम. दुसरें नांव लुधियाना येथें जन्मलेल्या रविंदर मैनी यांचें. त्यांनीं व मार्क फेल्डमन यांनीं लंडनमध्यें, सांध्यांत भडका उडविणारें टी. एन. एफ. नांवाचें द्रव्य हुडकून, त्याला अडविणारें प्रतिद्रव्य १९९२ सालीं प्रथम रोग्यांना दिलें. या वर्गाचीं औषधें महाग आहेत. पण ज्यांना मेथोट्रेक्सेट पुरत नाहीं अशा कित्येकांचे हात त्यांनीं वांकडे होण्यापासून वांचविले आहेत.

कॉर्टिझोनचें पुढें काय झालें? तें स्वतः आतां क्वचितच वापरतात. शरीरांत गेल्यावर यकृतांत त्याचें रूपांतर होतें, तेव्हांच तें काम करूं लागतें. म्हणून त्याच्या सुधारलेल्या वंशजांनीं त्याची जागा घेतली. दमा, ल्यूपस, मस्तकाच्या धमन्यांची सूज यांत या वंशजांनीं असंख्य जीव आणि डोळे वांचविले. आमवातांत आज वैद्य त्यांच्याकडून थोडक्या दिवसांची चाकरी घेतात: मेथोट्रेक्सेटचा गुण येण्यास जे कांहीं आठवडे लागतात, तेवढ्या काळापुरती प्रेडनिसोलोनची अल्प मात्रा द्यावयाची आणि मग ती हळूहळू उतरवावयाची. ती एकाएकीं बंद करणें धोक्याचें असतें. कारण बाहेरून मिळूं लागलें म्हणजे शरीराच्या ग्रंथि आळसावतात आणि त्यांना पुन्हां कामास लागण्यास अवधि द्यावा लागतो.

गर्भवती स्त्रियांचा प्रश्न मात्र हेन्च यांनीं जेथें सोडला तेथून थोडाच पुढें गेला आहे. मेथोट्रेक्सेट गर्भाला अपायकारक असल्यामुळें गर्भधारणेच्या पुरेसें आधीं वैद्याच्या सल्ल्यानें तें थांबवावें लागतें. कित्येक स्त्रियांचे सांधे त्या महिन्यांत आपोआप शांत राहतात. सर्वांचे राहत नाहींत. ज्यांचे राहत नाहींत त्यांना जीं थोडीं औषधें देतां येतात त्यांत प्रेडनिसोलोनची लहान मात्रा एक आहे. आणि बाळंतपण झाल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत, जेव्हां मूल उचलून घेण्यासाठीं मनगटांत बळ हवें असतें, तेव्हांच रोग परत येण्याचा संभव अधिक म्हणून वैद्य त्या काळाची तजवीज आधींच करून ठेवतात.